वॉर्डातला प्रॉम्प्टर

तुम्ही मास्तरांसमोर शिंकायला तोंड उघडलं असतं ना, तर तुमची शिंक तुमच्या आधी त्यांनी दिली असती. खोटं नाही सांगत. मी सकाळी वॉर्डात शिरून "आज जेवायला..." म्हणत जरा श्वास घेतला, की मागून बारीक आवाजात यायचं, "...पुन्हा मुगाचं वरण." आणि माझ्या तोंडून तेच निघायचं. सगळा वॉर्ड कपाळाला हात लावायचा. दुपारी भांडं उघडावं तर आत तुरीचं वरण!

मी तेव्हा मनोरुग्णांच्या पुरुष वॉर्डात सिस्टर होते. दवाखाना सरकारी, चंद्रपूर-गडचिरोलीकडचा. याच्या पुढे विचारू नका. मोठे डॉक्टर अजून नोकरीत आहेत आणि मीही आहे. मास्तर आमच्याकडे पेशंट म्हणून आले ते पोळ्याच्या सुमारास. सडपातळ माणूस, मान कायम एका बाजूला कललेली, पांढरा पायजमा, खांद्यावर टॉवेल. शाळेतले मास्तर नव्हेत बरं. वडसाच्या एका नाटक कंपनीत ते प्रॉम्प्टर होते.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच, आणि मंडई भरली की रात्री नाटक पाहिजेच पाहिजे. हा सीजन पार होळीपर्यंत चालतो. नट बिचारा आज या गावात दारुडा नवरा, उद्या त्या गावात इन्स्पेक्टर, परवा तिसरीकडे मेलेला बाप. एवढं सगळं पाठ कोण करणार? मग विंगेत एक माणूस नाटकाची प्रत मांडीवर घेऊन बसतो आणि नटाला ऐकू जाईल पण लोकांना जाणार नाही, अशा आवाजात अख्खं नाटक बोलतो. मास्तरांनी जन्मभर हेच केलं. आमच्या या जंगलपट्ट्याला, अर्ध्या झाडीपट्टीला, त्यांनी रडवलं होतं आणि त्यांचं तोंड मात्र एकाही प्रेक्षकानं पाहिलेलं नव्हतं.

सीजनमध्ये ठीक होतं हो. घोळ व्हायचा तो पावसाळ्यात. नाटकं बंद, पण मास्तरांची जीभ चालूच. लग्नाच्या बैठकीत मुलीचा बाप अडखळला की हे मागून वाक्य द्यायचे. मयताला गेले तर रडणाऱ्या बाईला पुढचा हंबरडा द्यायचे, आणि तो तिच्या स्वतःच्या हंबरड्यापेक्षा चांगला असायचा, हे तिथल्याच बायका सांगायच्या. त्यांची बायको भेटायला यायची तेव्हा माझ्यापाशी बसून गाऱ्हाणं सांगायची.

"सिस्टरबाई, ह्या मानसाशी भांडता बी येत नाई वो. मी 'तुमी ना...' म्हणलं, का 'जलमाचे बिनकामाचे' हे त्याईनंच देल्लं. मंग म्या काय बोलू?"

तर असे हे मास्तर एकदा एका नाल्यावरच्या पुलाच्या भूमिपूजनाला गेले. माइकवाला ओळखीचा, म्हणून मंडपाच्या मागे त्याच्यापाशी बसलेले. पाहुणे म्हणून एक पुढारी आलेला. भाषण रंगात आलं आणि नेमका वारा सुटून त्याच्या हातातला कागद उडाला. पुढारी "आणि मी या गावाला शब्द देतो की... शब्द देतो की..." करत अडकला. आता अडकलेला माणूस दिसल्यावर मास्तरांना कुठला धीर! कापडाच्या मागून त्यांनी दिलं, "हा पूल पुढच्या पावसाळ्याआधी झाला नाही, तर मी स्वतः पुरातून चालत तुमच्या भेटीला येईन." आणि त्या शहाण्यानं ते माइकवर, हात वर करून, जसंच्या तसं म्हटलं. टाळ्या काय, शिट्ट्या काय! बोलून खाली बसल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते.

पुढचा पावसाळा आला. पूल कुठला व्हायला? मग गावकरी वाजतगाजत पुढाऱ्याच्या बंगल्यावर गेले. "चला साहेब, नाला भरला." एकानं तर ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूबही फुगवून नेली होती, साहेबांना पोहता येत नसेल तर म्हणून. मग वाक्य कोणाचं होतं ते उघडकीला आलं, आणि पुढाऱ्याची माणसं मास्तरांच्या बायकोला येऊन सांगून गेली की तुमच्या मालकाच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, दवाखान्यात ठेवा, नाहीतर पोलीस केस होईल. ती बिचारी घाबरली. असे मास्तर आमच्याकडे आले.

आता मोठ्या डॉक्टरांबद्दल. माणूस वाईट नव्हता असं म्हणायची पद्धत असते. मी म्हणणार नाही. ते पुण्याकडचे, आणि इथे बदली झाल्याचा राग त्यांनी नियमांवर काढला होता. राउंडच्या वेळी पेशंटनं खाटेवर ताठ बसायचं, हात गुडघ्यांवर. हसायचं नाही. गुणगुणायचं नाही. शेजाऱ्याच्या खाटेकडे बघायचं नाही. अंगणात कडुनिंबाखाली बसायला मिळावं असं वाटत असेल, तर डॉक्टरांच्या प्रश्नांची बरोबर उत्तरं द्यायची. आज वार कोणता? तुम्ही कुठे आहात? इथे का आलात? या शेवटच्या प्रश्नावर सगळे आपटायचे. "मी बरा आहे" म्हटलं की अंगण बंद. "मी आजारी आहे" म्हटलं की प्रकृतीत सुधारणा, जा अंगणात. म्हणजे वेडा आहे हे कबूल केलं की शहाणा. मी नोकरीला नवी असताना याचा अर्थ लावायचा प्रयत्न केला होता. मग सोडून दिला.

मास्तरांच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारे वनरक्षक होते. उभी हयात जंगलात काढलेली. त्यांच्या खाटेखाली वाघ बसलेला असायचा. म्हणून ते खाली पाय सोडायचे नाहीत, आणि डॉक्टरांनी विचारलं की खरं तेच सांगायचे. त्यामुळे त्यांनी कडुनिंब फक्त खिडकीतून पाहिला होता. मास्तर आल्यावर पहिल्याच राउंडला डॉक्टरांनी विचारलं, "काय हो, खाटेखाली काय आहे?"

वनरक्षकांनी तोंड उघडलं. मागून आलं, "चपला हायेत साहेब."

"चपला हायेत साहेब," वनरक्षक म्हणाले, आणि स्वतःच दचकले.

डॉक्टर खुश. मला म्हणाले, नवीन गोळी लागू पडली. ते पुढे गेल्यावर वनरक्षक हळूच मास्तरांकडे वळले. "पन भाऊ, वाघ त हाये ना खाली."

"हाये ना जी. मी कुठी नाई म्हणून राह्यलो? पन तो विंगेत हाये. त्याची एन्ट्री या अंकात नाई."

त्या रात्री वनरक्षक घोरत झोपले. सकाळी स्वतःच्या पायांनी अंगणात गेले. जाताना खाटेखाली वाकून म्हणाले, "थांब बाप्पा, तुहा नंबर आला का सांगतो." मला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणीही आलं. आमच्या कोणत्याच गोळीनं त्यांना असं झोपवलं नव्हतं.

मग काय, आठवड्याभरात अख्खा वॉर्ड बरा झाला! सगळ्यांना वार येतो, गाव येतं, सगळे आपण आजारी असल्याचं झकास कबूल करतात. कडुनिंबाखाली बसायला जागा पुरेना. फक्त एक भानगड होती. प्रश्न झाला की प्रत्येक जण जरा थांबायचा, मान किंचित मागे करायचा, आणि मग छाती काढून खर्जात बोलायचा, "आज... मंगळवार!" डॉक्टरांना संशय यायला वेळ लागला, कारण यश कोणाला नको असतं? पण एका सकाळी ते स्वतःच वनरक्षकांसमोर अडखळले. "तर मग तुम्हाला रात्री..." मागून आलं, "...झोप बरी लागते का?" आणि डॉक्टरांनी तेच म्हटलं, खर्जात, छाती काढून. वॉर्डात कोणीतरी टाळी वाजवली.

डॉक्टरांचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवसापासून राउंडच्या वेळी मास्तरांना चादरी ठेवायच्या खोलीत बसवायचं, असा हुकूम निघाला. मी बसवलं, नोकरी होती माझी. पण त्या खोलीला वर झरोका. डॉक्टरांनी "खाटेखाली काय?" विचारलं, आणि भिंतीतून आलं, "चपला हायेत साहेब." आमच्या वॉर्डात भिंतीतून आवाज येतात असं सांगणारे आधीच काही कमी नव्हते. त्यांना फार समाधान वाटलं. एक जण तर डॉक्टरांच्या हाताला धरून म्हणाला, "आता तरी पटलं का साहेब?"

मग डॉक्टरांनी मास्तरांना आपल्या खोलीत बोलावून घेतलं. मी फायली घेऊन उभी होते. ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत दुसऱ्याच्या तोंडात एकही शब्द घालायचा नाही. नाही घातलात, तर धनत्रयोदशीला घरी सोडतो. घातलात, तर होळी इथेच."

मास्तर पांढरेफटक पडले. होळीपर्यंत म्हणजे सीजन गेला. कंपनीच्या मालकानं निरोप पाठवलेला होता की भाऊबीजेला विंगेत दिसला नाहीत, तर दुसरा माणूस लावतो, आणि लावला की तोच कायमचा. दुसरा माणूस म्हणजे मालकाचा भाचा. तो मोबाइलवर बघून प्रॉम्प्टिंग करणार होता. मास्तरांना याचाच ध्यास लागलेला. "सिस्टरबाई, वाचता वाचता त्याले फोन आला त? नट काय बोलंन? बाप मरून राह्यला अन् हा म्हणंन हॅलो?"

तर मास्तरांनी तोंड बंद केलं. देवाशपथ सांगते, मी बाळंतिणींच्या वॉर्डात काम केलं आहे, पण एवढ्या कळा सोसताना कोणाला पाहिलं नाही. समोर माणूस अडला की हे टॉवेलचं टोक दातात धरायचे. मान थरथरायची. डोळ्यांतून पाणी. पण शब्द नाही.

आणि वॉर्ड? वॉर्डानं संप केला. डॉक्टर विचारतात, आज वार कोणता? गप्प. तुम्ही कुठे आहात? गप्प. सगळे हात गुडघ्यांवर ठेवून नियमाप्रमाणे ताठ बसलेले, माना किंचित मागे, वाक्याची वाट बघत. वनरक्षकांनी तेवढं एक सांगितलं, "साहेब, प्रॉम्प्टर नाई त पडदा नाई उघडत." कडुनिंबाखाली सुनसान झालं. अंगण नको, गोडधोड नको, तंबाखू-सुपारीचा खर्रा तर आधीपासूनच बंद होता. आता धाक तरी कसला घालणार?

डॉक्टर माझ्यावर कडाडले, "हा सगळा त्याचाच डाव आहे. आता होळी!"

"सर, पण ते एक शब्दही बोलले नाहीत."

"न बोलता चिथावलं."

माझं डोकंच फिरलं हो. बोलला तर होळी, नाही बोलला तरी होळी! मी घरी जाऊन नवऱ्यावर ओरडले, त्याचा काही संबंध नसताना. मास्तरांना सांगितलं तेव्हा त्यांनी टॉवेल तोंडातून काढला, घडी केली, आणि पुन्हा तोंडात धरला.

दिवाळी तोंडावर आली आणि नागपूरहून तपासणीची समिती येणार असल्याचं कळलं. डॉक्टरांचं एक आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्यावर वाघ, पण वरिष्ठ समोर आले की त्यांची बोबडी वळायची. मी मास्तरांना बाजूला घेतलं. म्हटलं, "मास्तर, उद्या साहेब अडणार. चांगले अडू द्या. अजिबात द्यायचं नाही. समितीला दिसू द्या एकदा."

"नाई देत जी," मास्तर म्हणाले. "मी काय पागल हाव?"

समिती आली. पुढे एक पांढऱ्या केसांच्या मॅडम, सुती साडीतल्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी डॉक्टरांना साधाच प्रश्न केला, "तुम्ही इथे काम कसं करता?" डॉक्टर म्हणाले, "या विभागात आम्ही रुग्णाला... रुग्णाला आम्ही..." आणि थांबले. घाम फुटला. मी मनात म्हटलं, अडा आता! वॉर्ड श्वास रोखून बसलेला. मी मास्तरांकडे पाहिलं. दातात टॉवेल, मान थरथरतेय, चेहरा जांभळा. आणि टॉवेल पडला.

"...आधी माणूस म्हणून पाहतो."

"आधी माणूस म्हणून पाहतो!" डॉक्टर गरजले.

मॅडमनी मान हलवली. डॉक्टरांना धीर आला. "त्यासाठी..." म्हणून त्यांनी चक्क कान मागे केला, कसलेल्या नटासारखा. मागून आलं, "...रोज सकाळी खाटेपाशी बसून त्याचं सुखदुःख ऐकतो." डॉक्टरांनी तेही दिलं, आवाजात कंप घालून. समितीतल्या एकानं डोळे पुसले. मला मास्तरांची मान मुरगळावीशी वाटली. अरे, ज्यानं तुझी होळी केली, त्यालाच गाभुळलेल्या चिंचेसारखी वाक्यं देतोस?

पण मॅडमचे कान शाबूत होते. त्या डॉक्टरांना ओलांडून खाटेच्या मागे गेल्या. तिथे मास्तर उकिडवे बसलेले.

"काका, तुम्ही छान सांगता," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्हाला काय पाहिजे?"

मास्तर उठून उभे राहिले. तोंड उघडलं. काही नाही. मिटलं. पुन्हा उघडलं. अख्ख्या झाडीपट्टीला वाक्यं पुरवणारा माणूस, आणि जिभेवर अक्षर नाही! त्यांनी मान मागे केली. मागे भिंत होती.

डॉक्टरांनी संधी साधली. "बघितलंत ना मॅडम? हे असं असतं. हा रुग्ण अजून बरेच महिने..."

मला काय झालं कोण जाणे. फायली छातीशी धरून मी डॉक्टरांच्या मागे उभी होते, आणि माझ्या तोंडून निघालं, बारीक आवाजात, "मले घरी जायाचं हाये."

मास्तरांनी माझ्याकडे असं रागानं पाहिलं, की जणू मी त्यांच्या विंगेत घुसले होते. तोंड मात्र उघडंच. मग वनरक्षक कुजबुजले, "मले घरी जायाचं हाये." मग पलीकडची खाट, मग त्याच्या पलीकडची. आणि आमच्या लोकांना कुजबुजायला कुठलं येतं! सगळा वॉर्ड एका सुरात ओरडला, "मले घरी जायाचं हाये!"

"मले घरी जायाचं हाये," मास्तर म्हणाले. आवाज केवढासा. मी तो त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. तो घोटलेला नव्हता, चिरकाच होता.

"सीजन लागून राह्यला," वॉर्डानं दिलं.

"सीजन लागून राह्यला."

"कसला सीजन?" मॅडमनी विचारलं.

"नाटकाचा!" हे वॉर्डानंच सांगून टाकलं, मास्तरांची वाट कोणीच पाहिली नाही.

मॅडम डॉक्टरांकडे वळल्या. "यांना इथे का ठेवलंय?" डॉक्टरांनी तोंड उघडलं, आणि सवयीनं कान मागे केला. थांबले. आणखी थोडा कान मागे केला. पण मास्तर आता पुढे उभे होते, आणि मागे द्यायला कोणी उरलं नव्हतं. डॉक्टर तसेच, कान मागे करून, बराच वेळ उभे राहिले.

"सोडा यांना," मॅडम म्हणाल्या.

माझी बदली झाली ती त्याच आठवड्यात, सांगायला नको. पण धनत्रयोदशीला मास्तरांना फाटकापर्यंत सोडायला मीच गेले. बायको पिशवी घेऊन पुढे ऑटो बघत होती. मला वाटलं माणूस दोन बरे शब्द बोलेल. कसलं काय! वाटेभर माझ्या चुका काढत होते. "सिस्टरबाई, तुमी वाक्य लवकर देल्लं. नटाले थोडं अडू द्या लागते. अन् एवढ्या जोरानं? मांगच्या खाटेपरेंत गेला ना आवाज. असं प्रॉम्प्टिंग राह्यते का?"

माझा संताप झाला. म्हटलं, "वा रे वा! सगळ्या दुनियेला देता, त्या डॉक्टरलाही दिलंत, आणि स्वतःची पाळी आली तेव्हा दातखीळ काऊन बसली मग?"

मास्तर फाटकाशी थांबले. टॉवेल खांद्यावरून काढून उगाच हातात धरला. पहिल्यांदाच माझ्या खांद्यामागे न जाता समोर उभे राहिले.

"बाई," म्हणाले, "मले आजपरेंत कोनीच पुसलं नाई ना जी, का तुले काय पायजे म्हणून. त्याचं वाक्य पाठ कुठून राहीन?"